वाई ते मेणवली : नदीकाठची सोपी वाट आणि टिटवीची चार अंडी

मार्चच्या शेवटच्या रविवारी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, कृष्णेच्या काठी गोट्यांच्या पट्ट्यावर आम्ही अकरा जण उभे होतो आणि डोक्यावर टिटवीची जोडी जिवाच्या आकांतानं ओरडत होती. आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलीच्या बुटापासून दोन हातांवर चार अंडी होती. मी त्या मंडळींना तिथं नेलं होतं आणि ते मला दिसलं नव्हतं. त्या सकाळपासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत काय घडलं आणि आम्ही वाट कशी दोनदा बदलली, ते सगळं मांडते. नदीकाठी पक्षी बघायला माणसं नेणाऱ्या कुणावरही ही वेळ येऊ शकते.

वाट

वाईच्या गणपती घाटापासून मेणवलीच्या घाटापर्यंत साधारण तीन किलोमीटर. चढ म्हणावा असा नाही. पांडवगड ज्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही, त्यांनाही ही वाट जमते. सलग पायवाट मात्र नाही. थोडं घाटांवरून, थोडं काठाच्या गवतातून, थोडं शेताच्या बांधावरून आणि जिथं कुंपण आडवं येतं तिथं डांबरी रस्त्यानं. एरवी पाऊण तासात माणूस मेणवलीला पोचतो. आम्हाला तीन तास लागतात, कारण आम्ही चालतो कमी आणि थांबतो जास्त.

सुरुवात ढोल्या गणपतीपासून. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. आतली मूर्ती एवढी भव्य की लोकांनी तिला लाडानं ढोल्या म्हटलं. मी दर्शनाच्या आधी मंडळींना देवळाच्या पाठीमागे नेते. मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी तिच्यावर आपटून दुभंगावं आणि गाभाऱ्याला धक्का लागू नये म्हणून. अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या गवंड्यांनी देऊळ नदीपासून लांब नेलं नाही, नदीचा स्वभाव ओळखून भिंतीला आकार दिला. त्या भिंतीला हात लावला की मला अजून बरं वाटतं.

घाटाच्या पायऱ्यांवर सकाळी धुणं चालू असतं आणि तिथंच मोठा धोबी शेपटी वरखाली करत पायरीपायरीनं फिरत असतो. काळा-पांढरा, भुवई ठसठशीत पांढरी. नवख्या माणसाला पहिला पक्षी हाच दाखवावा, कारण तो माणसाला बुजत नाही आणि नाव सांगितलं की कधी विसरत नाही. पुढं पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबलेला आणि मग दगडासारखा खाली पडणारा तो कवड्या खंड्या. तारेवर बसलेला निळ्या पाठीचा, तपकिरी डोक्याचा तो नेहमीचा खंड्या. गवताच्या कडेला ढोकरी इतकी निश्चल की उडाल्यावरच कळतं, ती तिथं होती. उडताना ती एकदम पांढरी होते आणि मुलं हमखास ओरडतात.

वाट पश्चिमेकडे जाते, म्हणजे सकाळचं ऊन पाठीवर असतं आणि समोरच्या पक्ष्यावर उजेड पडतो. सोप्या वाटेला एवढं सुख पुरे आहे. उलट दिशेनं गेलात तर सगळे पक्षी काळ्या कागदाचे कापलेले दिसतात.

शेवट मेणवलीला, नाना फडणीसांच्या वाड्यापाशी. वाड्याचे सहा चौक, मागे नदीत उतरलेला घाट, मेणेश्वराचं देऊळ आणि छोट्या घुमटीत टांगलेली ती मोठी घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलुखात आल्या, त्यातली ही एक. तिच्यावर १७०७ साल कोरलेलं आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. तिथं बसून आम्ही डबे सोडतो. वर पिंपळात तांबट 'टुक टुक' करत असतो.

या दोन घाटांच्या मधे नदी एक वळण घेते. वळणाच्या आतल्या अंगाला पाणी संथ होतं आणि तिथं गोट्यांचा, वाळूचा एक पट्टा साठला आहे. उन्हाळ्यात तो उघडा पडतो. उघड्यावर असल्यानं तिथून पाण्याचा लांबवरचा भाग दिसतो, म्हणून तो माझा आवडता थांबा होता. प्रकरण तिथलं आहे.

त्या सकाळी

अकरा जणांत एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांची पत्नी होती. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं. दोन कुटुंबं पुण्याहून आली होती, त्यांतली एक मुलगी चौथीतली. एक तरुण मोठी लेन्स घेऊन आला होता, हळू बोलणारा, मनापासून शिकणारा. बाकी वाईतलीच ओळखीची माणसं.

आम्ही उशिरा निघालो, ही पहिली चूक. सहाला जमायचं ठरलं होतं, निघेपर्यंत सव्वासात झाले. पट्ट्यावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं.

दुसरी चूक माझी एकटीची, आणि ती मोठी. आम्ही पट्ट्यापासून शंभर पावलांवर असल्यापासून टिटवी ओरडत होती. टिटवी ओरडतेच, कुत्रं दिसलं तरी, म्हैस आली तरी, रात्री उगाचच ओरडली असं आपल्याला वाटतं तरी. या सवयीच्या ओरडण्याला माझे कान सरावले होते. मी थांबले आणि तिचा आवाज कसा ओळखायचा, डोळ्यापुढची लाल चामडी कशी दिसते, पाय कसे पिवळे असतात, हे सगळं समजावून सांगत राहिले. पंधरा मिनिटं तरी. पक्षी डोक्यावरून सूर मारून खाली येत होते, पुन्हा वर जात होते, आणि मंडळी खूश होती की इतक्या जवळून बघायला मिळतंय.

वरच्या शेतात हळदीचे गड्डे गोळा करणाऱ्या एक मावशी होत्या. त्या काठावर आल्या आणि हात हलवून म्हणाल्या, "आवं ताई, अंडी हायत तिथं. म्हागं सरा. त्या पोरीला म्हणावं, पाय हलवू नगंस."

मी खाली बघितलं आणि मला काही दिसलं नाही. गोटेच गोटे. मावशींनी बोट दाखवलं त्या रेषेत बघत गेले तेव्हा चार गोटे बाकीच्यांहून थोडे जास्त गुळगुळीत दिसले. चिखलासारखा राखट रंग, त्यावर काळपट तपकिरी डाग. चारी अंड्यांची निमुळती टोकं आतल्या बाजूला, जणू कुणी चार भाकऱ्यांचे तुकडे ताटात मांडावेत तशी. घरटं म्हणावं असं काही नाही. एक उथळ खळगा, कडेनं बारीक खडे आणि शेळीच्या वाळलेल्या लेंड्या.

मुलीला तिच्या बाबांनी जागेवरून उचललं. बाकीच्यांना मी सांगितलं की आलो तसंच, एकामागोमाग एक, ज्या दगडांवर पाय ठेवून आलो त्याच दगडांवरून मागे फिरा. कारण एक घरटं दिसलं म्हणजे दुसरं नाहीच, असं नसतं. लेन्सवाला तरुण म्हणाला, "ताई, एकच मिनिट, एक फोटो." मी नाही म्हटलं, आणि थोड्या कडक आवाजात म्हटलं. त्याचा चेहरा पडला. तो दुखावला हे मला कळत होतं, पण त्या वेळी समजूत घालायला वेळ नव्हता. उघडी अंडी उन्हात भाजत होती.

ऐंशी-नव्वद पावलांवर करंजाच्या सावलीत बसलो आणि घड्याळ लावलं. पहिली पाच मिनिटं दोन्ही पक्षी हवेतच. मग एक उतरला, पण घरट्यापासून लांब. चार पावलं धावला, थांबला, मान उंच केली, पुन्हा धावला. सरळ घरट्याकडे कधीच जात नव्हता. बघणाऱ्याला जागा कळू नये म्हणून ही सगळी आडवाट. अकराव्या मिनिटाला तो पाण्याच्या कडेला गेला, पोट पाण्यात टेकवलं, पिसं भिजवली आणि मग अंड्यांवर येऊन उभा राहिला, बसला. ओल्या पोटानं अंडी गार करत होता. मुख्याध्यापक सरांनी दुर्बीण डोळ्याला लावली ती बराच वेळ काढली नाही. काकू हळूच म्हणाल्या, "आपण उभे होतो तेवढा वेळ तिला हे करता आलं नाही हो."

त्या दिवशीचं सगळं त्या एका वाक्यात आलं होतं.

मेणवलीला पोचल्यावर डबे खाताना मी त्या तरुणाशी बोलले. टिटवीची अंडी उन्हात, कावळ्याच्या नजरेत आणि कुत्र्याच्या वासात उघडी पडतात ती मुख्यतः पालक हाकलले गेल्यामुळे, हे सांगितलं. फोटो काढून झाल्यावर तो इतरांना दाखवला की पुढच्या रविवारी तिथं आणखी चार कॅमेरे येतात, हेही सांगितलं. तो गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "करंजाखालून पोट भिजवतानाचा मिळालाय. तो चालेल ना?" चालेल म्हणजे काय! तो फोटो आजही मी नव्या मंडळींना आधी दाखवते आणि मगच वाटेला लागते.

वाट वाकडी केली

संध्याकाळी मी परत मावशींकडे गेले. माझ्या मनात होतं की घरट्याभोवती दगडांची खूण करावी, म्हणजे कुणाचा पाय पडणार नाही. मावशींनी ते उडवून लावलं. "खूण केली की कुनाचंबी ध्यान जातंय. पोरं येत्यात, कुत्री येत्यात. हाय तसंच ऱ्हाऊ द्या." त्यांचं बरोबर होतं. न दिसणं हेच त्या अंड्यांचं कुंपण, आणि मी ते मोडायला निघाले होते.

दुसरा पर्याय रविवारचं चालणं बंद करण्याचा. तो मी घेतला नाही. नदीकडे लोकांनी पाठ फिरवली तर नदीची बाजू कोण घेणार, असं मला मनापासून वाटतं. काठावर कचरा टाकणाऱ्याला हटकणारा माणूस बहुतेक वेळा तिथं रोज फिरायला येणाराच असतो.

राहिला तिसरा. गोट्यांचा पट्टा वगळायचा आणि चाळीस पावलं वरून, मावशींच्या हळदीच्या शेताच्या बांधावरून जायचं. मावशींनी परवानगी दिली, फक्त बांधावरच्या तुरीच्या काट्यांचा ढीग हलवू नका म्हणाल्या. पुढचे दोन रविवार आम्ही तसेच गेलो. बांधावरून टिटवी बसलेली दिसायची. ओरडायची, पण उठायची नाही. यातला फरक मला त्या दोन रविवारांत नीट कळला. लांबून, जमिनीवर उभं राहून, थांबून थांबून ओरडणं हा इशारा असतो. डोक्यावर सूर मारत अखंड ओरडणं म्हणजे तुम्ही अंड्यांच्या किंवा पिल्लांच्या अंगावर आहात. पहिल्या आवाजालाच थांबायचं आणि दुसऱ्याची वेळ येऊ द्यायची नाही.

या निमित्तानं एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. अवघड वाट आपली आपणच माणसं गाळते. सोप्या वाटेवर आजीही येते, नातही येते, आणि हेच तिचं मोल आहे. पण म्हणूनच तिथं पावलं खूप पडतात, आणि ती नेमकी काठाच्या त्याच चिंचोळ्या पट्टीवर पडतात जिथं जमिनीवर अंडी घालणारे पक्षी राहतात. तेव्हा वाट सोपी आहे असं म्हणताना ती पायांना सोपी आहे एवढंच बघून भागत नाही. पक्ष्यालाही ती सोसली पाहिजे, आणि ते बघण्याचं काम वाट आखणाऱ्याचं आहे, येणाऱ्याचं नाही.

पाणी आलं

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात वरून नदीला पाणी सोडलं. मेणवलीच्या वर धोमचं धरण आहे. पाणी सुटलं की इथली पातळी वाढते. गोट्यांचा पट्टा अर्ध्याहून जास्त पाण्याखाली गेला. मी सकाळी जाऊन बांधावर उभी राहिले. जोडी पाण्याच्या कडेनं येरझाऱ्या घालत होती. ओरडत नव्हती.

टिटवीनं समुद्राशी भांडण केल्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो. अंडी नेली म्हणून चोचीचोचीनं समुद्र आटवायला निघालेली टिटवी. त्या दिवशी ती गोष्ट मला फार खरी वाटली.

मुख्याध्यापक सरांना फोनवर सांगितलं. ते क्षणभर थांबून म्हणाले, "मग आपण वाट वाकडी केली, त्याचा उपयोग काय झाला?" प्रश्न सरळ होता आणि टाळण्यासारखा नव्हता. मी विचार करून दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याची घरटी जातातच. पाणी नेतं, मुंगूस नेतं, कावळा नेतो. टिटवी ते धरून चालते आणि पुन्हा घालते. पण धरणाआधीच्या नदीत पावसाळा येईपर्यंत पाणी उतरतच जायचं. आता भर उन्हाळ्यात ते मधेच चढतं, आणि याचा अंदाज टिटवीला येत नाही. म्हणजे एक नुकसान तिच्यावर आधीच वाढलं आहे. त्यात दर रविवारी अकरा माणसांचं दुसरं घातलं, तर दुसऱ्या खेपेच्या अंड्यांनाही ती पारखी होईल आणि हंगाम संपेल. पाणी माझ्या हातात नाही, पावलं आहेत. सर म्हणाले, "हे पटलं." ते पुढच्या रविवारीही आले.

दुसरं घरटं

मावशींची हळद तोवर निघाली होती. शिजवून, वाळवून झाली. काहिलीतल्या हळदीचा तो ओला मातकट वास आठवडाभर त्या काठाला होता. रिकामं रान त्यांनी नांगरून तापत टाकलं. मे महिन्याच्या सुरुवातीला त्यांचा फोन आला. "ताई, टिटवीनं आता वर घातल्यात. माज्याच रानात. ढेकळात. चार हायत."

आनंद झाला, आणि पुढच्या वाक्याला तो आवरावा लागला. घरटं बांधापासून सहा पावलांवर होतं. ज्या बांधावरून आम्ही तिच्यासाठी वाट वळवली होती, त्याच बांधापासून.

आता अर्धवट काही करून चालणार नव्हतं. मार्च ते जूनअखेर मधला काठ पूर्ण सोडायचा, असं ठरवलं. घाटांपासून सुरुवात तीच. मग पहिल्या वळणाआधीच डांबरी रस्त्याला लागायचं आणि मेणवलीत शिरल्यावर थेट घाटावर उतरायचं. सकाळी सव्वासहाला निघायचं, उशीर करणाऱ्यांसाठी थांबायचं नाही. एका वेळी आठ माणसं.

यात गमावलं ते लहान नाही. मधल्या टप्प्यात नदी दिसतच नाही. नदी सुरय हे पक्षी पाण्यावरून डौलात जाताना तिथूनच दिसायचे, ते गेले. नदीकाठची वाट म्हणून आलेल्या माणसाला गाड्यांच्या कडेनं चालवताना मला संकोच वाटतो, आणि तो मी आधीच बोलून दाखवते. काकूंना मात्र रस्ता बरा पडला. ढेकळांपेक्षा डांबरावर त्यांचा गुडघा खूश असतो. शिवाय एका विहिरीवर ओणवलेल्या बाभळीला सुगरणीचे गेल्या वर्षीचे खोपे लोंबत होते, ते काठावरून कधीच दिसले नसते. चौथीतली मुलगी मे महिन्यात पुन्हा आली तेव्हा एक नर खोप्याचा नवा पहिला वेढा बांधत होता. हिरव्या पात्याची चीर चोचीत धरून फांदीभोवती गाठ मारायची, सुटली की पुन्हा आणायची. ती अर्धा तास तिथून हलली नाही. विजेच्या तारांवर वेडे राघू रांगेनं बसलेले असतात, ते वेगळेच.

मावशी रोज लांबूनच बघून सांगायच्या. टिटवीनं उंचावर अंडी घातली म्हणजे पाऊस चांगला, असं आपल्याकडे म्हणतात, त्यामुळे त्या खुशीत होत्या. शेतात काम निघालं तर घरट्याच्या बाजूनं जायचं नाही, दुसऱ्या टोकानं शिरायचं, असं त्यांनी घरच्यांना बजावलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अंडी फुटली. टिटवीचं पिल्लू घरट्यात बसून राहत नाही. पिसं वाळली की चालू लागतं, आणि आईनं इशारा दिला की असेल तिथं चिकटून दगड होतं. त्यामुळे मला एकही दिसलं नाही. मी रस्त्यावरून दुर्बीण लावून तासभर बघितलं, ढेकळंच दिसली.

पाऊस पडून गेल्यावर, दुसऱ्या आठवड्यात, मावशींचा फोन आला.

"ताई, तीन दिसत्यात. चौथं न्हाई. बरं, वापसा झालाय, उद्या घेवडा पेरायचाय. बैलं घालू का नगो? तुमी सांगा."

मी सांगितलं, घाला. फक्त घरट्याच्या टोकाकडून सुरुवात करू नका, दुसऱ्या टोकाकडून हळूहळू या. पिल्लं पुढं पुढं सरकत आपली आपण बाजूला होतील.

"मंजे त्यांच्या म्हागनं जायचं," मावशी म्हणाल्या.

"हो. त्यांच्या चालीनं."

दुसऱ्या दिवशी दुपारी पेरणी आटोपल्यावर त्यांनी पुन्हा फोन केला. तिन्ही पिल्लं बांधावरच्या तुरीच्या काट्यांच्या ढिगात शिरली होती आणि आई वर उभी राहून ओरडत होती.